कुलूपबंद वर्गातली हजेरी

मुरबाडच्या त्या प्रशिक्षणात मी झोपलो. श्रोते झोपले तर वक्त्याने ते मनाला लावून घ्यायचं नसतं, हे मला वीस वर्षांत कळलं आहे. पण इथे वक्ताच झोपला, आणि माईक त्याच्या हातात होता.

जेवणानंतरचं सत्र. वर पत्र्याचं छप्पर, समोर चाळीसेक शिक्षक, सगळ्यांच्या पोटात मसालेभात आणि जिलेबी. मी एक नामी युक्ती काढली. म्हटलं, "सगळ्यांनी डोळे मिटा. आपल्या वर्गातलं सगळ्यात गप्प मूल आठवा. पाच मिनिटं त्याच्याकडे नुसतं बघा." आधी केले, मग सांगितले, या न्यायाने मीही डोळे मिटले. पुढचं केंद्रप्रमुखांच्या तोंडून कळलं. माझ्या घोरण्याने स्पीकर दणाणला तेव्हा निम्मे जागे झाले. उरलेले तेवढ्यानेही उठले नाहीत.

मी दचकून डोळे उघडले तर चौथ्या रांगेत एक बाई ताठ बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटलेच नसावेत. मान किंचित कलती करून त्या काहीतरी ऐकत होत्या. माझं घोरणं म्हणावं, तर ते थांबलं होतं.

या पष्टे बाई. मुरबाड तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर होत्या. शाळेचं नाव सांगत नाही, पोरीचं बदललं आहे, कारण गोष्ट एका पोरीची आहे आणि ती अजून तिथेच शिकते.

आता माझं काम काय, ते सांगतो. नातेवाइकांत "हा वेड्यांचा मास्तर" म्हणून माझी ओळख आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गुरुजींना आणि बाईंना मी शिकवतो, की मुलाच्या मनाचं दुखणं ओळखायचं कसं. पाय मोडला तर दिसतो. मन मोडलेलं मूल दर सोमवारी पोट दुखतं म्हणतं, पेन्सिली चावून संपवतं, नाहीतर अगदी शहाण्यासारखं गप्प बसतं. शिक्षकाने डॉक्टर व्हायचं नसतं. त्याने फक्त बघायचं, विचारायचं आणि योग्य माणसाकडे पाठवायचं. एवढं सांगायला मी दोन दिवस घेतो.

शिक्षकांचं म्हणणं वेगळंच असतं. "सर, हे पण ऑनलाइन भरायचं का?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "एका पानात बसेल असं काहीतरी द्या." म्हणून मी एक निरीक्षण तक्ता केला होता. मुलात काय दिसतं, त्याच्यापुढे खूण, आणि खुणेपुढे काय करायचं ते. मूळ तक्ता अडीच पानी होता. मी छाटून छाटून तो एका पानात, एका बाजूच्या झेरॉक्समध्ये बसवला, आणि त्याचा मला फार अभिमान होता. किन्हवलीकडच्या एका गुरुजींनी वर्गातल्या सगळ्या मुलांपुढे सगळ्या खुणा केल्या होत्या. का, तर एकही मूल सुटायला नको. त्या तक्त्यावर मी महिनाभर हसत होतो. हसायचं दुसऱ्याच तक्त्यावर होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. खरं तर हसायचं नव्हतंच.

सत्र संपलं, माणसं चहाकडे धावली, आणि पष्टे बाई माझ्यापाशी आल्या. चाळिशीच्या, डोक्याला घट्ट अंबाडा, खांद्याला पर्स, हातात हेल्मेट. सरळगावात राहायच्या, तिथून स्कूटीने शाळेला जायच्या.

"सर, मुलांचं नाही, माझंच विचारायचंय. चालेल?"

"विचारा ना."

"शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातून माझा आवाज येतो."

मी चहाचा कप खाली ठेवला.

त्या सांगत होत्या ते असं. गणपतीच्या सुट्टीनंतरचा आठवडा. पाच वाजता मुलं गेली, दुसरे गुरुजी तालुक्याला मीटिंगला. बाईंनी वर्गाला कुलूप लावलं आणि निघाल्या. ओढ्यापर्यंत गेल्यावर डबा विसरल्याचं आठवलं, म्हणून परत फिरल्या. स्कूटी पिंपळाखाली लावून मैदानातून चालत आल्या, तर वर्ग चालू होता. दाराला कुलूप तसंच. आत हजेरी चालली होती. एक एक नाव पुकारलं जात होतं आणि एक एक मूल "हजर बाई" म्हणत होतं. कुणाचा आवाज घोगरा, कुणाचा चिरका, एक नाकात बोलणारा मुलगा आहे, तो नाकात. नावं पुकारणारा आवाज बाईंचा.

"सर, मला वाटलं, मी निघालेच नाहीये. मी आतच आहे. मग ही बाहेर उभी आहे, ती कोण?"

डबा तसाच टाकून त्या पळाल्या. त्यानंतर आणखी दोनदा मुद्दाम थांबून त्यांनी ऐकलं होतं. कुलूप काढायची छाती झाली नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बदलीचा अर्ज कर. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "त्या जागंत पयल्यापासून हाय बाई कायतरी. माणसाचा आवाज ठेवून घेतं."

मी काय केलं? जे मी चाळीस जणांना दोन दिवस करू नका म्हणून सांगत होतो, ते केलं. ऐकायच्या आधी निदान केलं. झोप लागते का, भूक लागते का, घरी काही कटकट आहे का, असं विचारत गेलो.

"झोप लागते सर. घरी सगळं बरंय. म्हणून तर भीती वाटते."

मी मान डोलावली आणि जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. नसलेले आवाज ऐकू येणं, ही काय गोष्ट असते ते मला माहीत होतं. बाईंनी चिठ्ठी घेतली, दोन घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवली.

"जाईन मी सर. पण त्याच्या आधी एकदा ऐकून जा. तुम्हाला नाही आलं ऐकू, तर उद्याच जाते."

मी डायरी काढली.

पुढच्या शुक्रवारी गेलो. सरळगावापासून बाईंच्या स्कूटीवर मागे बसून. माझं वजन बघता स्कूटीचंच निदान करायला हवं होतं. भाताची कापणी तोंडावर आलेली, वाटेत माणूस दिसत नव्हता. शाळा गावाच्या बाहेर, आणि शाळेच्याही पलीकडे ओढ्याच्या काठाला कातकऱ्यांची वाडी. पाचला मुलं सुटली. त्यांनी मला "नमस्ते सर" म्हटलं, माझ्या पोटाकडे बघून आपसांत काहीतरी कुजबुजली आणि उधळली. बाईंनी माझ्यासमोर वर्गाला कुलूप लावलं. मी ते ओढून पाहिलं. मग आम्ही स्कूटीने निघालो, ओढ्यापाशी थांबलो, आणि वीस मिनिटांनी पायी परत आलो.

मैदानात चिटपाखरू नव्हतं. नळ गळत होता, त्याचा थेंब बादलीत पडल्याचा आवाज तेवढा येत होता. आम्ही वऱ्हांड्याच्या पायरीपाशी पोचलो, आणि बंद दाराच्या आतून पष्टे बाईंचा आवाज आला.

"चला, बडबड पुरे. हजेरी."

मी शेजारी पाहिलं. पष्टे बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. ओठ मिटलेले.

मी मानसशास्त्राचा माणूस. भूतबित मानत नाही, आणि तशी भाषणंही केली आहेत. पण त्या क्षणी माझ्या पाठीवरून जे गेलं त्याला भाषण ठाऊक नव्हतं. आत नावं सुरू झाली. बाईंसारखाच शेवटचं अक्षर ओढणारा स्वर, दर तीन-चार नावांनंतर बाईंसारखंच घसा खाकरणं. आणि प्रत्येक नावामागून वेगळं मूल. अर्ध्या तासापूर्वी मला नमस्ते म्हणून गेलेली मुलं मी आवाजावरून ओळखत होतो. नाकातला आला, घोगरा आला. एकीकडे खुसखुस, मग आवाज, "हसायला काय झालं रे?" आणि चिडीचूप.

मी खिशातून मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"वनिता बाळू हिलम."

शांतता. नळाचे तीन थेंब पडले असतील.

"वनिता बाळू हिलम. उभी राहा. तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का गो?"

पुन्हा शांतता.

"नाही ना बोलायचं? मग गैरहजर. बस खाली."

पष्टे बाईंनी माझा दंड घट्ट धरला. "सर," त्या कानाशी पुटपुटल्या, "हे मी म्हणते. रोज. अगदी असंच."

आणि माझा मोबाइल वाजला. आवाज मोठा ठेवलेला असतो, कारण मला कमी ऐकू येतं असं घरच्यांचं मत आहे. पलीकडे मंगल, माझी बायको. येताना मिरच्या आणायची आठवण करत होती.

आतला आवाज तुटला. मग दाराच्या अगदी जवळून, पष्टे बाईंच्याच आवाजात, "कोण आहे बाहेर?"

बाईंच्या तोंडून "मी" असं निघून गेलं. माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं सगळ्यात विचित्र उत्तर ते.

नंतर मागच्या बाजूला काहीतरी खरखरलं. शाळेच्या कोपऱ्यावरून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आली. गुडघ्याला चुना लागलेला, दप्तर पोटाशी धरलेलं. मागच्या खिडकीचा एक गज निघालेला होता, हे आम्हाला नंतर दिसलं. ती आमच्या पुढून गेली. तिने आमच्याकडे बघितलं, पण चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. धुतलेल्या पाटीवर जेवढं लिहिलेलं असतं तेवढंच त्या चेहऱ्यावर होतं. ओढा ओलांडून ती वाडीकडे गेली.

पष्टे बाई पायरीवर बसल्या. "वनिता. सर, ही तर मुकी आहे. पहिलीत आली तेव्हापासून शाळेत एक शब्द बोललेली नाही. तिसरीत आहे आता."

"मुकी कोणी ठरवली?"

"तिचा फॉर्म गेलाय ना. दिवाळीच्या सुट्टीनंतर मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत जायचीय. लांब आहे, वर्षातून दोनदा घरी सोडतात. तपासणीच्या शिबिरातही नेलं होतं. मागून टाळ्या वाजवल्या, थाळी वाजवली, हिने मान वळवली नाही. बहिरी पण आहे म्हणाले." मग कुलपाची किल्ली काढत, "मी तुमच्या तक्त्यावरूनच फॉर्म भरला सर."

वर्ग उघडून त्यांनी तक्ता दाखवला. माझंच पान, एका बाजूचं. ओळ अकरावी: मूल वर्गात अजिबात बोलत नाही. पुढे बाईंची खूण. त्यापुढे माझी सूचना: वाचा व श्रवण तपासणीसाठी पाठवावे. अडीच पानी तक्त्यात या दोन्हींच्या मध्ये एक ओळ होती. मूल घरी बोलते का, हे आधी पालकांना विचारावे. पान एक करताना ती मी छाटली होती.

घरी धडधडा बोलणारं मूल एखाद्या ठरावीक जागी, ठरावीक माणसांसमोर बोलूच शकत नाही, असं एक दुखणं असतं. हट्ट नसतो, माज नसतो. भीतीने गळा आवळलेला असतो, इतका की कधी मान वळवणंही होत नाही. आम्ही त्याला निवडक मौन म्हणतो. नाव वाईट आहे. मुलाने त्यात काहीच निवडलेलं नसतं. असं मूल इतर मुलांपेक्षा जास्त ऐकतं, कारण त्याला दुसरं काही करायला नसतं. वनिताने अडीच वर्षं एक संपूर्ण वर्ग ऐकला होता.

हजेरीपट मी चाळला. तिच्या नावापुढे गैरहजेऱ्याच गैरहजेऱ्या.

"एवढी येत नव्हती?"

बाईंनी हजेरीपट माझ्या हातातून घेतला. "रोज यायची. बोलली नाही की मी गैरहजर मांडायचे. वाटलं, भीतीने तरी बोलेल. फॉर्मवर तेही लिहिलंय. सतत गैरहजर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाडीत गेलो. वनिताचे आईबाप वर्षाचे दहा महिने भिवंडीकडे बांधकामावर, पोर आजीपाशी. आजी झोपडीपुढे जळणाच्या मोळ्या बांधत होती. मोळी पायाने दाबत तिने बाईंना विचारलं, "काय गो बाई, पोरीनं काय केला?"

"काही नाही आजी. वनिता घरी बोलते का?"

"बोलते का?" आजी हसली, तेव्हा पुढचे दोन दात नसलेले दिसले. "गप कर गप कर म्हणून माझा तोंड दुखतंय. कोंबड्यांशी बोलते, भांड्यांशी बोलते. सगळ्या वाडीचा आवाज काढते. माझ्या मेलेल्या नवऱ्याचा काढलान तवा मी चुलीतला लाकूड घेऊन मागं लागलू."

"मग आजी, शाळेत कधी सांगितलं का नाही?" मी म्हटलं.

"कोन इचारला?"

मी आणि बाईंनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"साहेब आलं, बोललं शाळेत पोर बोलत नाय. आमी बोललू, बरोबर, शाळेत नाय बोलत. मंग बोललं, मोठ्या शाळेत धाडू, जेवान मिलंल, कपडा मिलंल. अंगठा मागितला, दिला. ती शाळा मुक्यांची हाय, असा कोनी बोललाच नाय."

सोमवारी मी तालुक्याला गटशिक्षणाधिकारी साहेबांपुढे. साहेब भला माणूस होता, त्याने चहा मागवला. मी दुखणं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "सर, शिबिराचा अहवाल आहे, बाईंचा फॉर्म आहे आणि तुमचाच तक्ता आहे. तिघांनी मिळून ठरवलेलं मी एकटा कसं मोडू? मुलगी बोलते याला पुरावा काय?"

मी जिंकल्याच्या तोऱ्यात मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. नावं, हजर बाई, हजर बाई, खुसखुस, मिठाची गुळणी. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, माझ्या मिरच्यांच्या फोनपर्यंत.

"पण सर, ही तर बाईच हजेरी घेतायत. मुलगी यात कुठंय?"

मी तेच पुन्हा लावलं. खरं सांगतो, दुसऱ्यांदा ऐकताना मलाही ती सापडेना. सगळे होते. तीच नव्हती.

"मग असं करा," साहेब म्हणाले. "मुलीला आणा. दोन शब्द माझ्यासमोर बोलू दे. मी लगेच फॉर्म परत घेतो."

हे मात्र करायचं नसतं. अशा मुलाला चार माणसांपुढे उभं करून "बोल" म्हटलं, की होता तो धागाही तुटतो. आधीच माझ्या फोनने निम्मं काम केलं होतं. बाई रोज ओढ्यापाशी थांबून परत येत होत्या आणि वर्ग मुका होता. वनिता शाळा सुटली की सरळ घरी जात होती. दिवाळीला पंधरा दिवस उरले. मी दोन तज्ज्ञांना फोन केले, शिबिराची तपासणी अपुरी कशी याच्यावर चार पानी पत्र लिहिलं, त्यात सहा शास्त्रीय मुद्दे घातले. पत्र वाचून दाखवायला म्हणून मी पुन्हा वाडीत गेलो, कारण पालकांची संमती हवी, असा सातवा मुद्दा मला सुचला होता.

आजीने दुसऱ्या मुद्द्यापर्यंत ऐकलं. "पोर कोनाची?"

"तुमची."

"अंगठा कोनाचा?"

"तुमचाच."

"मंग मी नाय धाडत. झाला ना? कुठं सांगायचा तेवढा बोला."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने मुरबाडला आली. मी चार पानी पत्र घेऊन तिच्या मागे. साहेबांच्या टेबलापुढे उभी राहून ती म्हणाली, "माझा अंगठा परत द्या." साहेबांनी एक साधा अर्ज लिहवून घेतला, पालक पाठवण्यास राजी नाहीत, आणि तिचा दुसरा अंगठा घेतला. पाच मिनिटं लागली. माझं पत्र कुणी मागितलं नाही. वनिताचं नाव यादीतून निघालं. बाहेर येऊन आजीने मला भजी खायला घातली. मला ती जरा दमल्यासारखी वाटली, तिला मी.

पण पोर शाळेत राहिली म्हणजे बोलली असं नव्हे. बंद वर्गातला तिचा वर्ग मी मोडला होता आणि तो परत जोडता येईल का, हे मला माहीत नव्हतं. पष्टे बाईंना मी जे सांगितलं ते त्यांनी केलं, आणि जे सांगितलं नव्हतं तेही. हजेरी पुकारणं त्यांनी बंद केलं. दाराशी दोन डबे ठेवले, आल्यावर प्रत्येकाने आपल्या खुणेचा चिंचोका एका डब्यातून दुसऱ्यात टाकायचा, झाली हजेरी. वनिताने पहिल्या दिवशी टाकला. हजेरीपटावर तिच्यापुढे बाईंनी हजर मांडलं, आणि मला तेवढ्यासाठी फोन केला.

शाळा सुटल्यावर त्या आता घरी जात नव्हत्या. वऱ्हांड्याच्या टोकाला, वर्गाकडे पाठ करून वह्या तपासत बसायच्या. दार उघडं ठेवायच्या. मी म्हटलं, मी येऊन बघतो. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की काहीतरी वाजतं."

माघात एका संध्याकाळी त्यांच्या पाठीमागे त्यांचा आवाज म्हणाला, "चला, बडबड पुरे." बाईंनी मान वळवली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या उंबऱ्यावर बसल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात आत, सतरंजीवर, मुलांच्या ओळीत. वनिता बाईंच्या खुर्चीवर बसायची, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. तिने बाईंना शुद्धलेखन घातलं. बाईंचं अक्षर वाईट आहे, असं बाईंच्याच आवाजात सांगितलं.

बाईंना वाटायचं, रोज थोडं थोडं काहीतरी आपल्यातून निघून त्या खुर्चीत जाऊन बसतंय. "घरी गेले की नवरा म्हणतो, आजकाल तू बोलत नाहीस," असं त्या एकदा म्हणाल्या. त्या हसल्या, मीही हसलो.

आणि मग मार्चातला तो फोन. ते मी बाईंच्या शब्दांत सांगतो.

"सर, आज मी तिच्या जागेवर बसले होते. तिसऱ्या ओळीत भिंतीकडे, वनिताची जागा. ती हजेरी घ्यायला लागली. सगळी नावं घेतली, सगळ्यांची उत्तरं तिनेच दिली. मग म्हणाली, वनिता बाळू हिलम. मी गप्प राहिले. तुम्ही सांगितलं होतं ना, तिच्या वतीनं बोलायचं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. परत म्हणाली. मी खाली बघितलं. तर म्हणते, तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का गो?"

फोनवर बाईंनी घसा खाकरला.

"कसं लागतं ते आज कळलं सर. मला खरंच बोलता येईना. मग ती खुर्चीवरून उतरली. माझ्यापाशी आली. मला हाताने ढकलून बाजूला सरकवलं. स्वतःच्या जागेवर मांडी घालून बसली, आणि म्हणाली, हजर. लगेच उठली, खुर्चीत जाऊन बसली, आणि माझ्या आवाजात म्हणाली, शाबास, बस खाली. सर, मी तिला कधीच शाबास म्हटलेलं नाही. हे तिनं कुठून आणलं?"

"हजर म्हणाली तो आवाज कसा होता?"

"नाही आठवत. आत्ता तासाभरापूर्वी ऐकलाय. बाकी सगळ्यांचे आठवतायत, तिचा आठवत नाहीये."

असं का झालं, शाळेत पहिल्याच वर्षी तिचा गळा कशाने आवळला, हे आम्हाला सापडलं नाही. वाचकांना कारण लागतं, मलाही लागायचं. आता वनिता चौथीत आहे. वर्ग भरलेला असताना ती अजून बोलत नाही, शेजारच्या मुलीच्या कानात मात्र सांगते आणि ती मुलगी मोठ्याने सांगते. बाईंनी दवाखान्याची माझी चिठ्ठी मला परत पाठवून दिली. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी मुलांची नावं लिहून चिंचोक्यांचा हिशेब केला होता.

मार्चातला फोन आला त्या संध्याकाळी मी घरी पोचलो. आम्ही भातसानगरच्या वसाहतीत राहतो, मंगल धरणाच्या कार्यालयात कारकून आहे. इथली निम्मी घरं रिकामी आहेत. उन्हं कलली की बंद खिडक्यांच्या रांगेत आपल्याच घरातलं बोलणं घुमून परत येतं. मी ओट्यापाशी उभा राहून तिला सगळं सांगितलं, तक्त्यातली छाटलेली ओळ धरून. एवढे दिवस ती ओळ मी तिला सांगितली नव्हती. ते जुनं रेकॉर्डिंगही ऐकवलं. तिने गॅस बंद करून ऐकलं. स्वतःचा फोन आला तिथे ती हसली नाही.

मी म्हटलं, "एक पोर वाचली बघ. नवा तक्ता केलाय, दोन्ही बाजूंनी. ती ओळ सगळ्यात वर घातलीय."

"आणि जुना?" ती म्हणाली. "तो किती शाळांत वाटलात?"

मी आठवायला लागलो. शहापूरची तीन वर्षं, मुरबाडची दोन, डोळखांबकडचे दोन कार्यक्रम. नंतर काही जणांनी आपापल्या केंद्रात झेरॉक्स काढून पुढे वाटला होता. एका पानात बसतो म्हणून.

मंगलने हात पुसले, कपाटातून एक कोरी वही काढली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"आठवतील तशी गावं सांगा," ती म्हणाली. "मी लिहून घेते. उद्यापासून एकेका शाळेत फोन करा आणि विचारा, तुमच्याकडची गप्प मुलं कुठं गेली."